हिरव्या शिवाराची घरपट्टी

बेळगाव शहर राकसकोपचे पाणी पिते, आपला कचरा तुरमुरीला पाठवते आणि सांडपाणी हलग्याच्या दिशेने सोडून देते. हिडकलचे पाणी पुढे आले, पण शहराची पहिली तहान भागवली ती मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाने. या तिन्ही सोयी शहराच्या हद्दीबाहेर, कोणत्या ना कोणत्या ग्रामपंचायतीच्या शिवारात आहेत. चौथी सोय मात्र कोणी मोजत नाही. ती म्हणजे शहराभोवती अजून शिल्लक असलेली मोकळी, पिकाची जमीन.

वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, हलगा हा पट्टा काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीचा. रोहिणीच्या सुमारास इथे कुरीने धूळवाफ पेरणी होते. भात फुलोऱ्यात आला की बासमतीचा वास बांधावरच नाकात शिरतो. सुगी संपली की त्याच रानात, एक पाणीही न देता, मसूर, हरभरा, वाटाणा निघतो. बेळगावच्या मसुरीला बाजारात वेगळा भाव मिळतो, तो या उरलेल्या ओलीच्या जोरावर. पावसाळ्यात हेच शिवार बळ्ळारी नाल्याचे चढलेले पाणी अंगावर घेते. शेतकऱ्याचे भात कुजते, गाळ आणि जलपर्णी रानात येऊन बसते, आणि शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत शिरले असते ते पाणी काही दिवस शेतात थांबते. या थांबण्याचे भाडे शेतकऱ्याला मिळत नाही आणि त्याच्या ग्रामपंचायतीलाही मिळत नाही.

शेतकऱ्याला भरपाई मिळावी, याबद्दल आपण बरेच बोलतो. ग्रामपंचायतीचे नाव या संदर्भात क्वचितच निघते. माझ्या मते गाठ तिथेच आहे.

कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत कायद्यात १९९ वे कलम आहे. त्यानुसार ग्रामपंचायत घरांवर आणि शेतसाऱ्याच्या कक्षेत न येणाऱ्या जमिनींवर कर बसवू शकते. म्हणजे जमीन शेतीची आहे तोवर ती पंचायतीच्या कराबाहेर. तिच्यावर जो काय शेतसारा आहे तो सरकारचा, आणि तोही इतका नाममात्र की वसुलीला आलेल्या माणसाच्या चहालाही पुरायचा नाही. त्याच जमिनीची एनए झाली, प्लॉट पडले, घरे उठली की ती पंचायतीच्या वहीत येते. महाराष्ट्रातही गाडी याच रुळावरून चालते. चंदगड तालुक्यातल्या सरपंचाला विचारा नाहीतर बेळगाव तालुक्यातल्या पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, उत्पन्न वाढवायचे म्हणजे घरपट्टी वाढवायची आणि घरपट्टी वाढवायची म्हणजे घरे वाढवायची.

हिशेब मांडून पाहू. समजा पाच एकरांचे रान आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दोनशे गुंठे, साधारण दोन लाख अठरा हजार चौरस फूट. रस्ते, बाग, सार्वजनिक जागा सोडून पंचावन्न टक्के भाग प्लॉटना मिळाला, तर तीस बाय चाळीसचे शंभरेक प्लॉट बसतात. प्रत्येक घराने वर्षाला दोन हजार घरपट्टी भरली असे धरले, तरी पंचायतीच्या तिजोरीत दोन लाख पडतात. तेच पाच एकर भात आणि मसुरीखाली राहिले तर पडतात शून्य. आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. दर कमी-जास्त असतील, पण शून्य शून्यच राहते. अशा स्थितीत एखाद्या पंचायतीने लेआउटला हरकत घ्यावी, ही अपेक्षा म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाईक परत पाठवावे अशी झाली.

आणखी एक गंमत आहे. राज्य सरकार जमिनीच्या नावाने स्थानिक संस्थांना पैसे देतच नाही, असे नाही. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या खरेदी-विक्रीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार जिल्हा परिषदेसाठी घेतला जातो आणि त्यातला निम्मा वाटा ग्रामपंचायतीला जातो. कर्नाटकात मुद्रांक शुल्कावरच्या अधिभाराचा पैसा तालुका पंचायतीकडे वळवण्याची तरतूद आहे. म्हणजे जमिनीचा मालक बदलला की गावाला पैसे. ती बापाकडून मुलाकडे जाऊन पिकत राहिली, तर काही नाही. कोणी ठरवून केलेला हा कट नव्हे. कायदे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी झाले. पण सगळ्यांचा उतार एकाच दिशेला आहे, आणि पाणी उताराकडेच धावते.

या उतारावर गेल्या काही वर्षांत वरूनही भर पडली. हलगा-बस्तवाडजवळच्या माळावर सुवर्ण विधानसौध उभे राहिले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सीमाप्रश्नात त्या इमारतीचा अर्थ काय, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या इमारतीने आजूबाजूच्या गुंठ्याचा भाव कुठे नेला, यावर फारसे लिहिले गेले नाही. हलगा-मच्छे बायपास नऊ-दहा किलोमीटरचा असेल, पण तो जातो नेमका या भाता-मसुरीच्या पट्ट्यातून. वर्षानुवर्षे खटले चालले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. २०२१ च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात यंत्रे शेतात उतरली तेव्हा शेतकरी त्यांच्यापुढे उभे राहिले. पाठोपाठ रिंगरोड आला. तालुक्यातल्या तीसेक गावांतली बाराशे एकरांहून अधिक जमीन त्यात जाणार म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात शेतकऱ्यांनी चाबूक मोर्चा काढला. रस्त्याखाली जाणारी जमीन तरी मोजता येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुढच्या वीस वर्षांत जी जाते, ती कोणत्याच अधिसूचनेत नसते.

त्यात २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला. ७९ अ आणि ७९ ब ही कलमे गेली, आणि शेतकरी नसलेल्या कोणालाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. आधी तरी ही कलमे काटेकोर पाळली जात होती असे कोणी म्हणणार नाही. बाँडपेपरवर दोन-दोन गुंठे विकलेले प्लॉट बेळगावभोवती प्रत्येकाने पाहिलेले आहेत. पण कुंपण मोडके का असेना, होते.

निपाणीकडचे चित्र थोडे निराळे. तंबाखूची ती काळी जमीन आणि तिच्यासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर झालेले आंदोलन इथल्या जुन्या माणसांना कालच्यासारखे आठवते. तिथे शहराचा रेटा बेळगावइतका नाही, महामार्गाचा आहे. पण मोकळ्या जमिनीची किंमत काय, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी यमगर्णीपाशी दाखवून दिले. वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि देशातल्या मोठ्या रस्त्यांपैकी एक रस्ता ठप्प झाला. नदीकाठचे रान हे नदीचे पसरण्याचे अंगण असते. तिथे भराव टाकून हॉटेल बांधले की पाणी शेजारचे रान शोधते, आणि रान संपले की रस्ता.

हे कोडे फक्त आपल्याला पडलेले नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याला ते साठ वर्षांपूर्वी पडले. तिथे शेतजमिनीवर कर बसे तो बाजारभावाने. शेजारी वसाहत झाली की शेतकऱ्याच्या फळबागेचा भाव कागदावर चढे आणि त्या चढलेल्या भावाने कर भरता भरता तो जमीन विकून मोकळा होई. १९६५ साली जॉन विल्यमसन या आमदाराच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. शेतकऱ्याने काउंटीशी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याशी, दहा वर्षांचा करार करायचा: जमीन शेतीखाली किंवा मोकळी ठेवीन. त्या बदल्यात कर लागेल तो शेतीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने. करार दरवर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरके. त्यातून बाहेर पडायचे तर नोटीस देऊन जवळजवळ दशकभर थांबावे लागे, किंवा तातडीने सुटायचे तर जमिनीच्या बाजारभावाच्या साडेबारा टक्के दंड भरावा लागे.

शेतकऱ्याचा प्रश्न सुटला, काउंटीचा निर्माण झाला. कर कमी घ्यायचा म्हणजे तिजोरीला खड्डा. शाळा, रस्ते, अग्निशमन यांचा खर्च तर तोच. म्हणून १९७१ साली राज्याने दुसरा कायदा केला. जितकी जमीन कराराखाली, तितके पैसे राज्य काउंटीला भरून देईल. चांगल्या प्रतीच्या जमिनीला एकरी पाच डॉलर, इतर जमिनीला एक डॉलर, अशा दरांनी हे अनुदान पुढे मिळत राहिले. रक्कम किरकोळ वाटते, आणि बुडालेल्या कराच्या मानाने ती किरकोळच होती. तरी एकूण खर्च वर्षाला चार कोटी डॉलरच्या आत राहून सुमारे एक कोटी साठ लाख एकर, म्हणजे त्या राज्यातल्या शेती आणि चराऊ जमिनीपैकी निम्मी, कराराखाली आली. एवढ्या स्वस्तात एवढी जमीन राखणारी दुसरी योजना मला तरी ठाऊक नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या कोणत्याही अनुदानाची गोष्ट त्याच वळणाने जाते. २००८-०९ च्या मंदीत राज्याची तिजोरी आटली आणि गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या काळात ही तरतूद कापत कापत एक हजार डॉलरवर आणली गेली. साऱ्या राज्यासाठी मिळून एक हजार! खाते बंद झाले असे दिसू नये म्हणून ठेवलेला आकडा. करार शेतकरी आणि काउंटीत होता, त्यामुळे काउंटीला सवलत देत राहणे भाग होते. भरपाई मात्र बंद. काही काउंट्यांनी नवे करार थांबवले. दक्षिण टोकाच्या इम्पीरियल काउंटीने तर जुन्यांचे नूतनीकरणच नाकारायला सुरुवात केली. बहुतेकांनी योजना तरीही चालू ठेवली, हे त्यांचे मोठेपण. अर्थसंकल्पाच्या मर्जीवर टांगलेले अनुदान पहिल्या दुष्काळात वाळते, हे कॅलिफोर्नियाने सिद्ध केले.

ब्राझीलमधल्या पराना राज्याने यातला धोका आधीच ओळखला होता असे वाटते. तिथे विक्रीकराच्या धर्तीचा एक राज्य कर आहे. त्यातला चौथा हिस्सा घटनेनेच नगरपालिकांना द्यावा लागतो. वाटपाचे मोजमाप होते मुख्यतः उद्योग आणि उलाढाल. पिराक्वारा नावाचे एक गाव राजधानी कुरितिबाला पाणी पुरवणाऱ्या खोऱ्यात येते. त्याच्या हद्दीतली बहुतेक जमीन पाणलोट म्हणून राखीव, त्यामुळे कारखाने नाहीत, उलाढाल नाही आणि करातला वाटाही नाही. पाणी आमचे आणि दारिद्र्यही आमचेच का, असे अशा गावांनी विचारले. १९९१ साली राज्याने नियम केला की नगरपालिकांच्या एकूण वाट्यातले पाच टक्के फक्त दोन गोष्टींवर वाटायचे: निम्मे पाणलोटासाठी, निम्मे राखीव वनांसाठी. नुसत्या क्षेत्रफळावर भागत नव्हते. राखण कशी आहे, हे दरवर्षी पाहून गुण दिले जात. ब्राझीलमधल्या पुष्कळ राज्यांनी पुढे त्याची नक्कल केली. इथे नवा पैसा उभारावा लागला नाही, की मंत्र्यांनी दरवर्षी उदार व्हावे लागले नाही. जो पैसा वाटायचाच होता त्याचे मोजमाप बदलले.

पिराक्वाराच्या जागी राकसकोप ठेवून पाहिले की ही गोष्ट एकदम ओळखीची वाटते.

आपल्या देशात असे काही नाहीच, असे म्हणणे खरे नाही. केंद्राचा करवाटा राज्यांत वाटताना चौदाव्या वित्त आयोगाने जंगलाच्या क्षेत्राला साडेसात टक्के वजन दिले. पंधराव्याने ते दहा टक्क्यांवर नेले. जंगल राखणाऱ्या राज्याचा महसूल बुडतो, तेव्हा त्याला वाटा मिळाला पाहिजे, हे तत्त्व दिल्लीने मान्य केले आहे. ते राज्याच्या राजधानीपर्यंत येते आणि तिथेच थांबते. याच पंधराव्या आयोगाने स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना मोजमाप धरले ते लोकसंख्या नव्वद टक्के आणि क्षेत्रफळ दहा टक्के. त्या क्षेत्रफळावर भात आहे की काँक्रीट, हा प्रश्नच नाही.

केरळने २००८ साली भातखाचरे आणि पाणथळ जागा वाचवण्याचा कायदा केला आणि २०२० पासून खाचर राखणाऱ्या मालकाला हेक्टरी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम लहान, पण पीक कितीही येवो, खाचर भातासाठी राखल्याबद्दल मिळणारा हा पैसा आहे, ही गोष्ट लहान नाही. हिमाचलात पालमपूर नगरपालिकेने २०१० साली बोहल झऱ्याच्या पाणलोटातल्या गावांशी करार केला: तुम्ही जंगल राखा, आम्ही दरवर्षी दहा हजार रुपये देऊ. दहा हजारांत शहराला पाणी! शहराने घासाघीस चांगली केली म्हणायची. पण शहराने वरच्या गावाला बिल चुकते करण्याची पद्धत तिथे पडली.

बेळगावभोवती हिरव्या जमिनीचे रक्षण आहे ते नकाशावर. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, आराखड्यात हरित पट्टा हिरव्या रंगाने दाखवलेला असतो. त्या रंगाने शेतकऱ्याला काय मिळते? शेजारच्या पिवळ्या पट्ट्यातला गुंठा लाखांत जातो आणि याचा अडकून राहतो. पोरीचे लग्न, पोराचे शिक्षण, दवाखाना, सगळे त्याच उताऱ्यावर काढायचे असते. म्हणून हरित पट्ट्यातला शेतकरीच पुष्कळदा पट्टा उठवा म्हणून अर्ज घेऊन उभा दिसतो, आणि त्याला नावे ठेवणारे बहुधा त्याच्याच जातभाईच्या जुन्या रानात बांधलेल्या घरात राहत असतात. रंग बदलायला अर्ज लागतो, वजन लागते. रंग टिकवायला कोणालाच काही मिळत नाही, म्हणून तो टिकत नाही.

आता कोणी म्हणेल, प्लॉट पडले की पंचायतीचे भले होते ना, मग अडचण काय? भले होते पहिली काही वर्षे. मग रहिवासी गटार मागतात, दिवे मागतात, नळ मागतात, रस्ता मागतात, आणि रास्त मागतात. अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट या संस्थेने तिकडच्या अनेक गावांचे असे जमाखर्च मांडले. वसाहत एक डॉलर कर देते आणि त्याहून जास्त खर्च करायला लावते. शेतजमीन देते कमी, पण मागते त्याहूनही कमी. बैल पंचायतीकडे पथदिवा मागत नाही. आपल्याकडे हा हिशेब मांडताच येत नाही, कारण शेताचा जमेचा रकानाच कोरा आहे. घरपट्टी यंदा दिसते, गटाराचे बिल पुढच्या सदस्यांच्या काळात येते.

कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून तिची हद्दवाढ झालेली नाही. भोवतालची गावे विरोधात उभी राहतात. विरोधाचे एक कारण नेहमी सांगितले जाते, आमची शेती जाईल. पण याच गावांत शेती प्लॉटखाली जायची थांबलेली नाही. हद्द शहराची असो वा गावाची, तिजोरीचे गणित तेच असेल तर जमिनीचे भविष्यही तेच.

मग सीमाभागात करायचे काय? स्थानिक संस्थांना राज्याच्या महसुलातून किती आणि कशावर वाटा द्यायचा, हे सुचवण्याचे काम घटनेने राज्य वित्त आयोगाला दिले आहे. कर्नाटकाने पाचवा आयोग २०२३ साली सी. नारायणस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला. आयोग येतात आणि जातात, पण दर पाच वर्षांनी मोजमाप नव्याने ठरते, ही खिडकी आहे. पंचायतीच्या वाट्यातला थोडा भाग, परानासारखा पाच टक्के म्हणा, शेतीखाली राखलेल्या क्षेत्रावर ठेवला तर सरकारला नवा कर बसवावा लागत नाही. मोजायचे कशाने, हा प्रश्न पूर्वी अवघड होता. भूमी प्रकल्पात कर्नाटकाचे उतारे २००० च्या सुमारासच संगणकावर चढले, आणि कोणत्या सर्व्हे नंबरात कोणते पीक आहे याची पाहणी आता मोबाईलवर होते. येळ्ळूरच्या शिवारात यंदा किती एकर भात आणि किती मसूर होती, हे सरकारला आजही ठाऊक असते. त्या माहितीचा पंचायतीच्या अनुदानाशी मात्र संबंध नसतो.

दुसरा पैसा शहराकडून यावा. बेळगावकराच्या पाणीपट्टीतले रुपयामागे काही पैसे राकसकोपच्या वरच्या अंगाच्या गावांसाठी आणि घरपट्टीवरचा छोटा अधिभार बळ्ळारी नाल्याचे पाणी झेलणाऱ्या शिवारासाठी बाजूला काढता येतील. हे दान नव्हे, बिल आहे.

यात भांडणे होणार. ज्या पंचायतीचे निम्मे शिवार आधीच विकले गेले, ती म्हणेल, आम्हाला कमी का? ज्या गावात मराठी जास्त तिथे कमी दिले, असा संशय इथे पहिल्या दिवशी येईल, आणि या भागाचा इतिहास पाहता त्याला कोणी वेडेपणा म्हणू शकणार नाही. म्हणूनच मोजमाप एकरावर हवे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको. एकराला मातृभाषा नसते. सर्वांत मोठे भांडण शेतकरी आणि पंचायत यांच्यातच होईल: जमीन माझी अडकली, पैसे गावाला का? त्याचे म्हणणे खरे आहे, आणि नुसते पंचायतीला देऊन ते मिटणार नाही. आलेल्या रकमेतला ठराविक भाग बांध, चर, नाल्याची सफाई आणि शेतरस्ते यांवरच खर्च करायचा, असे ग्रामसभेत ठरवता येईल. बळ्ळारी नाल्यातला गाळ दर उन्हाळ्यात निघाला, तर शेतकऱ्याच्या हातात रोख न पडताही त्याचे भात वाचेल. आज त्या गाळासाठी निवेदने द्यावी लागतात, कधी पाटबंधारे खात्याला, कधी महापालिकेला, आणि दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. पंचायतीकडे स्वतःचा पैसा असेल तर जेसीबी भाड्याने आणायला तिला कोणाची वाट पाहावी लागणार नाही. तोच जेसीबी, ज्याच्यापुढे २०२१ साली शेतकरी उभे राहिले होते.